सातव्या क्रमांकाचं भांडण

ता. ४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू ज्याला ‘ज्योतिषाचं दुकान’ म्हणतेस, त्या आमच्या कार्यालयाची यादी तयार झाली. येत्या वर्षी कुठल्या देशात सामान्य माणसांच्या कत्तलींचा धोका आहे, ते त्यात असतं. आपला देश सातवा आहे. स्वतःच्या देशाच्या मोजणीला कुणी हात लावायचा नाही, असा इथला नियम. म्हणून मी बाजूला बसले होते. क्रमांक ऐकला आणि लगेच तुला लिहायला घेतलं. आपल्या गावच्या रेडिओवरून रोज देशभर एका जमातीच्या शेजाऱ्यांना ‘वाळवी’ म्हणतात, त्यांच्या दुकानांवर बहिष्कार घालतात आणि नगरपालिका गप्प बसते, ही कारणं.

तू इकडे निघून ये. खोली लहान आहे, पण लोकरीच्या गुंड्यांसकट मावशील. शेजारच्या औषधवाल्या काकांनाही सांग, ते तर त्या ‘वाळवी’तलेच.

तुझ्या लोभातली,
खारूताई

ता. १९ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

सातवा! शाळेत तुझा कधी पहिल्या दहात नंबर आला नाही, आणि आता देशांना नंबर देतेस? माझा नुसता तिळपापड झाला. तावातावाने औषधवाल्यांकडे गेले, म्हटलं तेही हसतील. ते हसले नाहीत. आत नेऊन त्यांनी बांधून ठेवलेली ट्रंक दाखवली. भिंतीला भिंत लागून राहते मी, आणि मला पत्ताच नाही! फार वाईट वाटलं गं.

मी कुठेही येत नाही. रेडिओवर बरळणारा तो निवेदक माझा विद्यार्थी, त्याचे कान माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. तुमचा अहवाल पाठव. तुम्हाला खोटं पाडलं नाही, तर मी मुख्याध्यापिका कसली!

प्रकृतीला जप.
तुझी मावशी

ता. ६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अहवाल सोबत आहे. तुझ्या काळजीने जेवण जात नाही. पण वेळेवर चार माणसं बोलली तिथे अनर्थ टळलाय, हेही त्यात लिहिलंय. आमचे साहेब म्हणतात, आपलं काम फळलं की आपण वेड्यात निघतो. तर मला खुशाल वेड्यात काढ, फक्त एकटी जाऊ नकोस.

तुझीच,
खारूताई

ता. २२ जून

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

एकटी कशाला जाईन? जुने विद्यार्थी घेऊन रेडिओ केंद्राच्या बाकावर विणत बसले, रोज. निवेदक मागच्या दाराने पळायचा. शेवटी त्याला औषधवाल्यांसमोर बसवलं. याच्या लेकीला ताप चढला तेव्हा भर सुट्टीत दुकान उघडणारे हेच. मला लिहून देतात ते मी वाचतो, असं पुटपुटला आणि रडायलाच लागला. मग तुमचा अहवाल नगरपालिकेच्या सभेत मी खणखणीत वाचला. जगात नाव निघालंय म्हटल्यावर नगराध्यक्षांचा चेहरा पडला. कार्यक्रम बंद झाला, बाजारात पोलीस उभे राहिले.

सगळं आलबेल नाही. काही लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण औषधाच्या दुकानात पुन्हा गर्दी असते, आणि ती ट्रंक रिकामी करून दाराशी ठेवलीये, गिऱ्हाइकांना बसायला.

आशीर्वाद आहेतच.
तुझी मावशी

ता. ८ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नवी यादी झाली. आपला देश पहिल्या तिसांतही नाही! उगाच घाबरवलंत, म्हणून वर्तमानपत्रं आम्हाला झोडपताहेत आणि मी वेड्यासारखी हसतेय. भांडण तू जिंकलीस.

यंदा सातव्या जागी दुसराच देश आलाय. तिथे कुणाची मावशी राहते, ते मी आजपासून शोधतेय.

लोभ असाच राहू दे.
तुझी हरलेली,
खारूताई