अंगणातली बोट

अण्णा, तुमची बोट मी दुरुस्त केली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता घरात कुणी तुमचा विषय काढत नाही. बोट मात्र नांदेडच्या अंगणात, कडुलिंबाखाली पालथी पडून होती. विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीभर तुम्ही जी चालवली, ती मोडीत निघाली तेव्हा लिलावात घेतलीत, ट्रॅक्टरवर घालून आणलीत आणि रिटायर झाल्यावर नीट करीन म्हणालात. रिटायर व्हायच्या आधीच गेलात. मायनं तिच्याखाली सरपण रचलं. पावसात कोरडं राहतं, म्हणायची.

मागच्या दिवाळीनंतर तुमचे जावई गेले. तुम्हीच माझ्यासाठी पाहिलेले. त्यांना लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हापासून मी रडले नाही. मुद्दाम नाही, येतच नाही. बायका येऊन बसायच्या, माझ्या तोंडाकडं बघायच्या, आणि मी त्यांना चहा विचारायची. मग तिथलं घर बंद केलं आणि मायकडं आले. इथंही तेच. भांडी घासते, आंघोळ करते, माय काही बोलली की हाव म्हणते. मधल्या वेळात काय होतं ते आठवत नाही.

उन्हाळ्यात सरपणाला वाळवी लागली. माय म्हणाली, "ते धूड भंगारवाल्याला देऊन टाक." भंगारवाला आला, फायबर कुणी घेत नाही म्हणाला. निदान बोट सुलटी करून दे म्हटलं, तर शेजाऱ्याला हाताशी घेऊन तेवढं करून गेला. मी बराच वेळ तिच्याकडं बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी जाऊन फायबर सांधायचं रेझिन, ते घट्ट करणारं हार्डनर आणि काचेच्या धाग्याची मॅट घेऊन आले. का, ते सांगता येणार नाही. दुकानदारानं विचारलं, "टाकी गळते का?" मी हो म्हटलं.

पहिलं रेझिन स्वयंपाकघरातच, ओट्यावर, स्टीलच्या वाटीत कालवलं. हार्डनर जास्त पडलं. वाटी तापली, धूर निघाला, सगळं दगडासारखं झालं. माय धावत आली. "काय शिजवून राहिली गं?"

"बोट," मी म्हटलं.

ती हसायला लागली. इथं आपणही हसायचं असतं हे मला कळत होतं. मी खिडकी उघडली.

त्या दिवशी तुमचा आवाज आठवला. मी आठ-नऊ वर्षांची आहे, बोटीत आपण दोघंच. मी हात पाण्यात सोडते, आणि तुम्ही एकदम ओरडता, "हात आत घे!" काठावर आल्यावर तुम्ही स्वतःच्या अंगातलं नारंगी जॅकेट काढून माझ्या अंगात घालता. ते गुडघ्याच्या खाली येतं. तसंच सायकलवर बसवून मला घरी आणता, आणि जॅकेट तुझंच म्हणता. मायला मात्र तुम्ही कधी बोटीत नेलं नाहीत. सरकारी हाय, म्हणायचात.

तळ घासताना पुढच्या बाजूला तुमचं ठिगळ सापडलं, पंज्याएवढं. चांगलं नव्हतं, अण्णा. खालचा रंग न घासताच लावलेलं, आत हवेचे फुगे, एका कडेनं सुटलेलं. मी ग्राइंडर उचलला तशी माय जवळ आली.

"ते तुझ्या अण्णांनी केलेलं हाय."

"हाव. पण पाणी शिरंल त्याच्यातून."

ती ठिगळावर हात ठेवून बसली. मग हात काढून घेऊन उठली. "मंग काढ," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून तिथंच उभी राहिली. पांढरी धूळ तिच्या केसांवर बसली, माझ्या पापण्यांवर बसली. तुमच्या हातचं काम मी घासून काढलं आणि मला काहीच वाटलं नाही.

पावसाळा सरल्यावर बोट धरणावर नेली. तिथं मासे धरणारा एक जण भेटला, तुम्हाला ओळखणारा. बोट त्यालाच द्यायची ठरवली, अंगणात पुन्हा आणायची नव्हती. त्यानं स्वतःचं इंजिन लावलं. माय काठावरच अडून बसलेली. "त्यांनी कधी नेलं न्हाई, आता काय करू जाऊन?" मी तिचा दंड धरून तिला आत बसवलं. मधोमध गेल्यावर त्या माणसानं इंजिन बंद केलं. मायनं दोन्ही हातांनी बोटीची कड धरली होती. तिनं चारी बाजूंनी पाणी बघितलं.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, लई काय तरी असंल."

आणि ती रडायला लागली. तुम्ही गेलात तेव्हा रडली होती, त्याहून जास्त. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. वाटलं, आता माझंही येईल. वाट पाहिली.

रडू आलं नाही. भूक लागली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी, पोटात कळ यावी तशी. मायनं पिशवीत भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. ती पाण्याकडं तोंड करून रडत होती, आणि मी तिच्या पाठीमागं बसून खात होते. तिच्या वाटणीचीही भाकरी मीच खाल्ली, अण्णा. तिला विचारलंसुद्धा नाही.