आजोळचा बंदोबस्त

मंगळवार, संध्याकाळ

आवाज पार बसलाय. दोनदा गरम पाणी प्यायले तरी घसा खरखरतोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी राजुरीकडच्या उसात बिबट्या शिरला आणि पोलीस ठाण्यातून मला बंदोबस्ताला धाडलं ते नेमकं माझ्या आजोळी. बांधावर दोनेकशे माणसं, प्रत्येकाचा मोबाईल वर. वनखात्याचे लोक म्हणाले, गर्दी हटल्याशिवाय आम्हाला काही करता येणार नाही. मी काठी आपटली, शिट्टी फुंकली, ओरडून ओरडून घसा फाटला. दत्तूमामा कौतुकाने म्हणाले, "आमची भाची ड्रेसात लई भारी दिसती राव." सगळे हसले. हललं कोणीच नाही. ट्रेनिंगला कवायतीचे उस्ताद म्हणायचे, हिच्यात आवाजच नाही. खरंच नाही का?

मग एकदम सुचलं. तशीच देवळात गेले, सप्त्याचा माईक चालू केला आणि फाटक्या आवाजात एकेकाचं नाव घेतलं. "दत्तूमामा उसाच्या बांधावर उभे आहेत. मामी, त्यांना घरी बोलवून घ्या." भोंगा घराघरात ऐकू जातो. तिसऱ्या नावाला बांधावरचे फोन वाजायला लागले. आपलं नाव पुकारलं जायच्या आत बाकीचेही पांगले; दहाव्या नावापर्यंत बांध रिकामा.

बिबट्याला बेशुद्ध करून नेलं. कोणाला ओरखडासुद्धा नाही.

निघताना दत्तूमामा रस्त्याच्या कडेला थांबलेले. मला पाहून पुढे आले. मग म्हणाले, "मॅडम, विहिरीवरची मोटर बंद करायचीय. आता जाऊ का?"

आवाज उरलाच नव्हता. मी नुसती मान हलवली. तेवढ्यावर ते गेले.