बबडीनं काय खाल्लं

३ जुलै

ती. सासूबाईंना,
शि. सा. न. वि. वि.

बबडीचे पुढचे दोन दात काढावे लागले, हे मला तुमच्याकडून कळलं नाही. फोनवर तिचे शब्द दातांच्या फटीतून निसटायला लागले तेव्हा कळलं. दातांच्या डॉक्टरांना मीच फोन केला, तर पाच वर्षांच्या पोरीचे दात असे कशाने किडले, असं त्यांनी मलाच विचारलं. आजी दुधात साखर ढवळते आणि जेवणाच्या जागी क्रीमची बिस्किटं देते, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेकरीत आता मला दिवसपाळी मिळाली आहे, खोलीही मोठी घेतली आहे. या महिन्यात मी तिला माझ्याकडे आणणार. पण तुमचे चिरंजीव बोटीवरून म्हणतात, पोरीचं वजन कमी आहे. साखरेशिवाय जेवायला लागली तर ने, नाहीतर आईकडेच राहू दे. निकाल देऊन ते नामानिराळे झाले.

म्हणून रताळी पाठवते आहे. त्यांना स्वतःची गोडी असते, वर साखर लागत नाही. सालीसकट चकत्या करायच्या, तेलाचा हात लावून, मिरपूड भुरभुरून ओव्हनमध्ये भाजायच्या. किंवा उकडून, कुस्करून दही आणि चिमूटभर दालचिनी घालायची. बिस्किटांचा डबा तेवढा वर जाऊ द्या.

तिनं खाल्लं की नाही हे सांगणाऱ्या तुम्हीच एकट्या, याची मला धास्ती आहे. लोभ मागत नाही, खरं तेवढं कळवा.

आपली सून


९ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं, रताळी मिळाली, अपमानही पोचला. मी जन्मभर शाळेत पोरांचे पेपर तपासले, पण खरं कळवा असं मला आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

तू पोरीला माझ्याकडे ठेवून गेलीस तेव्हा ती तुझ्या नावानं रडून रडून उलट्या करायची. त्या दिवसांत तिच्या पोटात टिकलं ते बिस्किट. तेव्हा हे शहाणपण कुठे गेलं होतं?

ओव्हन तुझ्या बेकरीत आहे, बाई. माझ्या ओट्यावर दोन शेगड्या आहेत. तरी चकत्या तव्यावर टाकल्या. बाहेरून कोळसा, आतून कच्च्या. बबडीनं एक चावली आणि माझ्या हातावर थुंकली. दही घातलेला लगदा पाहून तिनं विचारलं, हे आधी कुणी खाल्लंय का. मला हसू आलं, लपवत नाही. पोरगी उपाशी झोपली. माझा हात डब्यापर्यंत गेला, पण दिलं नाही. तुला हे खरं वाटणार नाही, न वाटो.

तेव्हा तिला न्यायचं डोक्यातून काढ. आशीर्वाद वर लिहिला आहे, तेवढ्यावर भागव.

तुझी सासू


१५ जुलै

ती. सासूबाईंना,
शि. सा. न. वि. वि.

मोठ्या आचेवर रताळं करपणारच. तुम्हाला ते करपवायचंच होतं का, हे तुम्हीच जाणा. झाकण ठेवा, आच मंद ठेवा, घाई करू नका. सावकाश शिजलं की ते आपोआप गोड होतं. नाहीतर उकडलेल्या रताळ्यात अंडं, थोडी कणीक आणि चिरलेला पालक कालवा आणि लहान टिक्क्या तव्यावर लावा. त्या तिला थापू द्या. स्वतः केलेलं मुलं खातात.

ती रडत होती हे मला सांगू नका. मीही पहाटे भट्टीपुढे रडतच उभी असायची. पाव खारट झाले नाहीत, एवढंच.

ती खात नाही असं तुम्ही लिहिलंत तर मला ते खोटं पाडता येणार नाही. तुम्ही तसंच लिहाल. पण ती मोठी झाली की तिला मी सांगेन, तुला आजीनं अडवून ठेवलं होतं.

याउपर काय तो लोभ.

आपली सून


२३ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

धमकी पोचली.

टिक्क्या केल्या. ओटा, भिंत, तिचे केस, सगळं माखलं. पालक चिरून नाही, वाटून घातला. हिरवा तुकडा दिसला की ती तोंड घट्ट मिटते, हे आईला ठाऊक असायला हवं. मंद आचेवर, झाकण ठेवून भाजल्या.

तिनं खाल्ल्या. आणखी मागितल्या. दुसऱ्या दिवशी चकत्या खाल्ल्या, नंतर तो दह्यातला लगदासुद्धा, चाटूनपुसून. मला वाटलं, माझ्या हाताला चव आली.

आज मी मुद्दाम डबा उघडला आणि बिस्किट तिच्यापुढे धरलं. का धरलं ते विचारू नकोस. तिनं हात मागे बांधले. म्हणाली, बाबांनी फोनवर सांगितलंय, गोड खाल्लं नाही तर मला आईकडे जायला मिळेल. तेव्हा रताळी जिंकली असं समजू नकोस. लगदा तिला अजूनही आवडत नाही, मी विचारलं. नाक दाबून खात होती.

खात नाही असं लिहिणं मला काही जड नव्हतं. पण नाक दाबून खाणाऱ्या पोरीला नापास करणं जमलं नाही.

शनिवारी ये. कपडे भरून ठेवते. तू आलीस की मी शेजारच्या बाईंकडे जाऊन बसेन, कुलूप लावून किल्ली त्यांच्याकडेच दे. निघताना आजीला टाटा कर असं तिला सांगू नकोस. तिला आठवलं तर ती करील.

आशीर्वाद तिला.

तुझी सासू