हात बसेपर्यंत

दि. ९ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

हात बसला, असं नेमकं कधी म्हणायचं? धाकट्याला सुई तुम्हीच दिलीत आणि हात बसेपर्यंत गिऱ्हाइकाचं कापड घ्यायचं नाही, असं बजावलंत. तो स्वमग्न आहे. सांगितलेलं तंतोतंत पाळतो. चिंध्यांवर काजं करतो, उसवतो, पुन्हा करतो. आई लिहिते की, तुम्ही त्याला खुळा म्हणता. मी एकच निबंध पुन्हापुन्हा लिहायचे, तेव्हा मात्र पोरगी चिकाटीची म्हणून गल्लीभर सांगत होतात. तो हे का करतो, त्याला कधी विचारलंत? मला म्हणाला, काज करताना डोक्यातला गलका थांबतो.

तुमची आगाऊ थोरली

दि. १७ जानेवारी

चि. थोरलीस, अ. उ. आ.

पदवी मिळाली, आता बापाला शिकव. तुझ्या सरावाला परीक्षेची तारीख होती. याच्या सरावाला शेवट कुठे आहे? परवा घाईचा कोट होता. काजं मीच मशीनवर मारली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, पोरानं हातानं केलीत. म्हटलं, चारचौघांत जरा कौतुक होईल. तर हा सगळ्यांदेखत म्हणाला, ही माझी नाहीत, आणि कोट ओढून उसवायला बसला. माझा हात उठला. चिंध्यांचा डबाही कचऱ्यात ओतला. तेव्हापासून तो सुईकडे बघत नाही. मी काही त्याच्या वाईटावर नाही.

जपून राहा.
बाबा

दि. २ फेब्रुवारी

ती. बाबांस, सा. न.

कौतुक तुम्हाला हवं होतं, त्याला नव्हतं. तुम्हाला चारचौघांत दाखवायला कारागीर मुलगा हवा होता. तो मिळेना, तेव्हा तुम्ही खोटा शिवलात. आणि खरं बोलला म्हणून मार त्यानं खाल्ला.

परवा तुम्ही अस्तर आणायला बाहेर पडलात, तेव्हा मी घरी आले. माझ्याकडे येतोस का, असं त्याला विचारलं. त्यानं उठून बोटात घालायचं अंगुस्तान खिशात घातलं. आईनं त्याची पिशवी भरली. तिला बोलू नका. आम्ही सुखरूप पोचलो. खिडकीशी त्याची जागा केली आहे. खालच्या शिंपीणबाईंनी चिंध्या दिल्या, कशाला म्हणून विचारलंही नाही.

आज त्यानं पहिलं काज केलं, आणि उसवलं.

लोभ ठेवायचा झाला, तर दोघांवर सारखा ठेवा.

थोरली