खालच्या मजल्यावरचा ऊबचोर

६ जानेवारी
बॉयलरचा काटा पुन्हा लाल पट्ट्यात. पाण्याचं प्रेशर कमी. हंदान म्हणाली, की अहो, मिस्त्रीला फोन करा. धडधाकट नवरा घरात असताना बायकांना मिस्त्री का आठवतो, हे मला लग्नापासून कळलेलं नाही. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. जगातली सगळी धरणं मला तोंडपाठ आहेत. हा बॉयलर किस झाड की पत्ती!

शनिवारी बेरिलला मागणी घालायला मुलाकडचे येणार. आमचं एकच लेकरू. घर ऊबदार हवंच. निश्चय: बॉयलर मी स्वतः सुधारणार.

७ जानेवारी, सकाळ
बॉयलरखालचा नळ उघडून पाणी भरलं. काटा हिरव्यात. किरकोळ काम! लगे हाथ सगळ्या रेडिएटरमधली हवाही काढली. हवेबरोबर तांब्याभर पाणी येतं, पण देखभाल म्हणजे देखभाल.

संध्याकाळी
काटा लालमध्ये. कारण उघड आहे: खालचा तुर्हान. हा माणूस आपला बॉयलर बंद ठेवतो आणि आमच्या फरशीतून झिरपणाऱ्या उबेवर फुकट हिवाळा काढतो. म्हणून तर मी त्याच्याशी बोलत नाही. आता प्रेशरही ओढतोय. हंदान म्हणाली, की प्रेशर काय फरशीतून ओढतात का? तिचा भूगोल कच्चा.

८ जानेवारी
भरलं. हवा काढली. लाल. भरलं. हवा काढली. लाल. चिकाटी हवी. बेरिल म्हणाली, की बाबा, पाणी तुम्हीच काढून टाकताय! आजकालच्या मुलांना देखभाल कशाशी खातात हे ठाऊक नाही.

दुपारी नळाची खुंटी हातात आली. निकृष्ट माल.

९ जानेवारी, बुधवार
कोट घालून नाश्ता. काटा शून्यावर, बॉयलर गप्प. हंदानने गुपचूप मिस्त्रीला फोन केला होता. तो म्हणे सोमवारी येईल, थंडीमुळे अर्ध्या एस्किशेहिर शहराचे बॉयलर बसलेत. मग तिने मला हात जोडले, की अल्लाची शपथ आहे, आता त्याच्या जवळ जाऊ नका. ठीक आहे. यंत्रालाही विश्रांती लागते.

१० जानेवारी
विजय! घर ऊबदार. फरशी तर अशी गरम की मोजे काढून फिरलो. विश्रांती लागू पडली. रेडिएटर थंडगार आहेत, याचा अर्थ ऊब त्यांच्यात न अडकता थेट खोलीत येतेय. काटा शून्यावरच आहे. काटा खराब. त्यावर हंदानचा विणलेला रुमाल टाकला.

हंदान भांड्यांसाठी चहाच्या किटलीत पाणी तापवते. माहेरच्या सवयी.

बेरिल द्राक्षाच्या पानांतल्या भातगुंड्यांची ताटली घेऊन खाली तुर्हानकडे गेली. शत्रूला रसद!

११ जानेवारी
बाहेर बर्फ, आणि तुर्हान बनियनवर बाल्कनीत. घामाघूम. इतकी ऊब चोरली की त्याला पचेना. मी वरून ओरडलो, की लाज वाटत नाही का? तर मान वर करून म्हणतो, की नेजमीभाऊ, पुरतेय ना? की अजून वाढवू? उर्मटपणाची हद्द झाली.

उद्या पाहुण्यांना या माणसाबद्दल सावध करणार.

१२ जानेवारी, शनिवार
पाहुणे आले. मुलाचे वडील सलाहद्दीनसाहेब कोट काढून म्हणाले, की वा, तुमच्याकडे तर मे महिना लागलाय! मी बॉयलर कसा वठणीवर आणला ते सविस्तर सांगितलं. मग ऊबचोराचंही सांगितलं. बेरिल कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. तिचा चेहरा लालबुंद. म्हणाली, की बाबा, पुरे आता! आपला बॉयलर बुधवारपासून बंद आहे. मी तुर्हानकाकांच्या पाया पडले, म्हणून त्यांनी स्वतःचा पूर्ण वाढवून ठेवलाय. बिचारे उकडून निघाले.

 मग सलाहद्दीनसाहेब म्हणाले, की अशा माणसाला खाली का ठेवलंय, वर बोलवा! तुर्हान शर्टाची बटणं लावत आला. त्याला माझ्या खुर्चीत बसवलं.

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. बॉयलर सुरू करून दाखवला की तोंडं बंद. रुमाल बाजूला केला, तुटक्या नळाला पक्कड लावली, फिरवली. नळ जागचा निसटला आणि पाण्याचा फवारा थेट तोंडावर. तळहात दाबून धरला. सोडला की फवारा.

हंदान दारात येऊन म्हणाली, की अहो चला, मागणी घालायची वेळ झाली. मी म्हणालो, आलोच. ती पुन्हा आली. मी म्हणालो, आलोच गं. तिसऱ्यांदा आली नाही.

मग बाहेरून सलाहद्दीनसाहेबांचा आवाज आला, की घरातले वडीलधारे आता तुम्हीच इथे आहात, तेव्हा अल्लाच्या मर्जीने ही मुलगी आमच्या मुलासाठी तुमच्याकडे मागतो.  नेजमीभाऊंना येऊ द्या, तुर्हान म्हणाला. सगळे थांबले. मीही थांबलो. पाणी थांबेना.

शेवटी तुर्हान म्हणाला, की दिली. बेरिल रडली, मला ऐकू आलं. खूप वाईट वाटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हात नळावर होता.