चुकून मिळालेली वरची पायरी परत करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
स्तरनिश्चिती व प्रगती कक्ष,
इंग्रजी भाषा विभाग (प्रौढ विद्यार्थी),
महाविद्यालयाची मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : तोंडी परीक्षेतील बारा गुण कमी करून मला चौथ्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर उतरविण्याबाबत, व त्यानंतर शक्य झाल्यास रीतसर पुन्हा वर घेण्याबाबत.

संदर्भ : १) स्तरनिश्चिती व प्रगती नियमावली, नियम ६, ९ व १४.
२) खिडकी क्रमांक दोनवर मंगळवारी झालेले बोलणे.

महोदय,

१. “थोडं बोललीस तरी चालेल, पण नाही ते आहे म्हणू नकोस,” असे माझी आई सकाळी माझी वेणी घालताना सांगत असे, आणि मी मान हलवली की केस ओढत असे. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात चांगलेच बसले आहे. मी आता एक्कावन्न वर्षांची आहे. रोज पहाटे देवापुढे हात जोडून मी त्या दिवसापुरते तीन नेम घेते : खोटे बोलायचे नाही, कोणाचे मन दुखवायचे नाही आणि दिलेला शब्द पाळायचा. (चहा सोडण्याचा चौथा नेम मध्यंतरी मोडला. त्याचा या अर्जाशी संबंध नाही. पण तीनच सांगून थांबले तर तो कधी नव्हताच असे वाटेल.) हे सांगण्याचे कारण एवढेच, की आपल्या विभागाचे आणि माझ्या नेमांचे गेली दोन वर्षे नीट जमलेले नाही. त्यात विभागाचा दोष नाही.

माझे इंग्रजी तिसऱ्या पायरीचे की चौथ्या, हाच मुळात प्रश्न असल्याने हा अर्ज मराठीत करीत आहे. आपल्या कार्यालयात मराठी वाचणाऱ्या एक बाई आहेत असे समजले. त्यांना तसदी पडत आहे, क्षमा असावी.

२. मी या परक्या देशात रुग्णालयाच्या तळघरात, धुलाई विभागात चौदा वर्षे काम करते. चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे. नोकरी चांगली आहे, तक्रार नाही. पहिल्या वर्षी एकदा मी वरच्या मजल्यावर चादरी पोचवायला गेले असता खाटेवरच्या एका आजींनी माझा हात धरून तीनदा इंग्रजीत काहीतरी सांगितले. मला कळले नाही. मी तीनदा हसले. नंतर नर्सबाईंनी सांगितले, की चादरीची शिवण उलटी आली होती आणि ती त्यांच्या पाठीला टोचत होती. ती चादर मीच घडी घालून पाठवली होती. त्या दिवसापासून मला रुग्णसेवा सहायकाच्या अभ्यासक्रमाला जायचे आहे. त्यासाठी आपल्या विभागाची चौथी पायरी लागते. यंदाची यादी येत्या शुक्रवारी बंद होते, आणि पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसत नाही. माझे काय अडले आहे ते आपल्या ध्यानात यावे म्हणून हे लिहिले. दया यावी म्हणून नव्हे. (थोडी यावी असे वाटते, हेही खरे.)

३. दोन वर्षांपूर्वीच्या प्रवेशचाचणीत ‘हॉटेलात घालवलेल्या आवडत्या सुट्टीचे दीडशे शब्दांत वर्णन करा’ असा प्रश्न होता. मी कधी हॉटेलात राहिलेले नाही. तसे मी इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, मोठ्या अक्षराने सुरुवात करून आणि शेवटी पूर्णविराम देऊन लिहिले. शब्द सात भरले. दीडशेला एकशे त्रेचाळीस कमी पडल्यामुळे मला पहिल्या पायरीवर बसविण्यात आले. तेथे पंधरवडाभर आम्ही फळांची नावे म्हणत होतो. मला फळांची नावे येत होती. पण कोणी विचारले नव्हते, म्हणून मी सांगितले नव्हते.

४. पुढे वर्गात बाई रोज ‘हाउ आर यू’ विचारीत आणि सगळे एका सुरात ‘आय ॲम फाइन’ म्हणत. मी पहिल्याच दिवशी उभी राहून सांगितले, की मंगळवारपासून माझा डावा गुडघा दुखतो आहे, बाकी देवाची कृपा आहे. बाईंनी फळ्याकडे तोंड केले. त्यांचे खांदे हलत होते. त्यानंतर त्या मला सगळ्यांत शेवटी विचारू लागल्या, आणि तेव्हा वर्ग कान देऊन ऐकत असे. गुडघा या विषयावर माझे इंग्रजी तिसऱ्या पायरीपर्यंत फार सुधारले.

५. आता मूळ मुद्दा. चौथ्या पायरीच्या परीक्षेत लेखी सत्तर गुण, स्वतःची ओळख दहा आणि जोडीने संभाषण वीस, अशी विभागणी असते. नियम ६ प्रमाणे शंभरात साठ लागतात. माझ्या जोडीला आमच्या वर्गातील बेकरीवाले भाऊ होते. ते पहाटे तीनला भट्टी लावतात आणि दुपारी वर्गात येतात. त्यांच्या वहीला पीठ असते. चौथ्या पायरीवाचून त्यांना स्वतःच्या दुकानाच्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. आम्हांला मिळालेल्या चिठ्ठीप्रमाणे ते हॉटेलचे व्यवस्थापक आणि मी पाहुणी होते. खोलीत झुरळ असून नळाला गरम पाणी नाही, अशी तक्रार मी करायची होती. घडले ते असे. (इंग्रजीत झाले, मराठीत देत आहे.)

“मॅडम, तुमची खोली कशी आहे?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “माझी खोली चांगली आहे.”

त्यांनी चिठ्ठी पाहिली, घाम पुसला. “मॅडम, झुरळ?”

“मला दिसलं नाही.”

“गरम पाणी?”

“येतं.”

“मॅडम, नीट आठवा, काल तुम्ही मला फोन केला होता!”

“नाही हो. मी नाही केला.”

यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, इथे झुरळं आहेत! मी व्यवस्थापक आहे, मला माहीत असणार की नाही?”

परीक्षा तेथेच थांबविण्यात आली.

६. सोमवारी निकाल लागला. बेकरीवाल्या भाऊंना संभाषणात वीसपैकी पाच, ‘आवाज चढला’ असा शेरा, एकूण सत्तावन्न, अनुत्तीर्ण. मला संभाषणात बारा, ‘समोरच्याचे शांतपणे ऐकून घेते’ असा शेरा, एकूण त्रेसष्ट, उत्तीर्ण. म्हणजे जो बोलला त्याला पाच आणि जिने काही केले नाही तिला बारा. गुणांची अदलाबदल झाली असेल म्हणावे, तर आवाज त्यांचाच चढला होता.

हे बारा गुण कोणी व का दिले हे मी विचारलेले नाही. विचारले असते तर कळले असते, आणि कळले असते तर आपण विचारल्यावर मला सांगावे लागले असते. माझा एक अंदाज आहे. कोणीतरी माझ्या कष्टांकडे आणि शुक्रवारच्या तारखेकडे पाहून हे केले असावे, आणि त्या व्यक्तीचा हात फार मायेचा असावा. अंदाज उघड करण्याचा माझा नेम नाही. मन न दुखविण्याचा आहे.

७. घरी याचा विचार झाला. आमचे हे म्हणाले, “लोक गुण वाढवायला अर्ज करतात आणि तू कमी करायला. ते गुण तपासायच्या आधी तुझं डोकं तपासतील.” सून समजूतदार आहे. ती म्हणाली, “आई, तुम्ही काही बोललाच नाहीत तर? न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.” हे मला पटले. पटण्यासारखेच होते. सोमवारी मला शांत झोप लागली.

मंगळवारी अभ्यासक्रमाचा प्रवेश अर्ज हातात आला. त्याच्या शेवटच्या ओळीत ‘वरील गुण मी स्वतः परीक्षा देऊन मिळविले आहेत’ असे छापलेले असून खाली सहीची जागा आहे. मी पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. सून स्वयंपाकघरातून दोनदा डोकावली. सही मला करता आली नाही. तो अर्ज सोबत जोडला आहे.

८. म्हणून मी खिडकी क्रमांक दोनवर गेले. तेथील गृहस्थ अत्यंत सज्जन आहेत. त्यांनी विचारले, “गुण कमी पडले का?” मी म्हटले, जास्त पडले. “मग अडचण काय?” ते माझे नाहीत, असे मी सांगितले. त्यांनी यादी पाहिली. “ताई, नाव तर तुमचंच आहे.” मी म्हटले, नाव माझं आहे, गुण नाहीत.

त्यांनी मागचे सगळे खण उघडून पाहिले. वर चढण्याचा फॉर्म गुलाबी आहे, वर्ग बदलण्याचा पिवळा, सोडून जाण्याचा पांढरा. “उतरायचा छापलेलाच नाही,” ते म्हणाले. “आजवर मागितलाय कुणी?” मी फेरपरीक्षेचे विचारले. त्यावर नियम ९ प्रमाणे ती फक्त नापासांना मिळते आणि मी पास आहे, असे कळले. नापास होण्यासाठी काय करावे, असे मी विचारले असता त्यांनी उघडे खण एकेक करून बंद केले. शेवटी म्हणाले, “साध्या कागदावर अर्ज करा. आणि एक सांगू का ताई, पत्ता जरा पुसट लिहा. उत्तर येईपर्यंत शुक्रवार निघून जाईल, तुमची जागाही राहील आणि मनही राहील.” ते माझ्या भल्यासाठीच बोलले. पत्ता मी ठळक लिहिला आहे.

९. एक गोष्ट कबूल करायची राहिली. निकालाच्या दिवशी बेकरीवाले भाऊ जिन्यात भेटले. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, “ताई, रागावलो नाही. पण एक सांगा, तुम्ही नातवासमोर वाघ होता ना? परवा तुम्हीच सांगत होता, पलंगाखालून गुरगुरता म्हणून. तेव्हा आधी त्याला लिहून देता का, की मी वाघ नाही?”

मी दोन दिवस त्यावर विचार केला. चादरींच्या घड्या घालताना विचार चांगला होतो. मी वाघ झाले तरी आजीच आहे हे नातू जाणतो, म्हणून तर तो हसतो. खोलीत झुरळ नाही हे परीक्षक जाणतात, बेकरीवाले भाऊ जाणतात, मी जाणते. फसले कोणीच नाही. तेथे मी खरेपणाच्या नावाखाली हट्ट केला आणि दुसऱ्याचे सात-आठ गुण घालविले. म्हणजे एक नेम जपायला दुसरा मोडला. पण निकालपत्रकातल्या ‘बारा’ची गोष्ट निराळी आहे. ते वाचणाऱ्याला ठाऊक नसते. तो ते खरे धरून मला रुग्णाच्या खाटेशी उभी करील. तेथे कोणी हसणार नाही.

१०. तरी नम्र विनंती, की माझे संभाषणाचे बारा गुण शून्य करून एकूण एक्कावन्न धरावेत व मला नापास करावे. नापास झाल्याबरोबर मी नियम ९ च्या सवलतीस पात्र होते. ती फेरपरीक्षा शुक्रवारपूर्वी घेता आली तर फार उपकार होतील. चिठ्ठी कोणतीही चालेल : हॉटेल, विमान, हरवलेली पेटी. मी जे सांगायचे ते सांगेन. शुक्रवारपूर्वी जमत नसेल तर तसे कळवावे. मी तिसऱ्या पायरीवर राहीन आणि जागा सोडीन. वाईट वाटेल. वाटणार नाही असे लिहिता येत नाही. मात्र या अर्जावरून कोणत्याही शिक्षिकेस विचारणा होऊ नये. तशी होणार असेल तर हा अर्ज मी दिलाच नाही असे समजावे, आणि हे एकदाच आपण दोघांनी मिळून समजायचे आहे.

पत्राखाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहिण्याची रीत आहे. पण आज्ञा काय होणार हे ठाऊक नसताना ती पाळीनच म्हणणे घाईचे होईल. म्हणून,

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
(सही)
हजेरीपट क्रमांक सतरा, तूर्त चौथी पायरी
पत्ता : धुलाई विभाग, रुग्णालयाचे तळघर, मागच्या दाराने, दुसऱ्या यंत्राजवळ

बुधवार, दुपारी पावणेचार

सोबत : १) निकालपत्रक, मूळ.
२) प्रवेश अर्ज, भरलेला, सहीवाचून.

ता. क. : बेकरीवाल्या भाऊंची फेरपरीक्षा आज चार वाजता खोली क्रमांक सातमध्ये आहे. जोडीदार त्यांनी स्वतः आणायचा असतो, आणि नियम १४ प्रमाणे त्या जोडीदाराला गुण मिळत नाहीत. मी येते असे मी त्यांना जिन्यातच कबूल केले होते. तेव्हा अजून विचार पुरा झालेला नव्हता, शब्द मात्र गेला होता. आपल्या कार्यालयाच्या अर्जपेटीजवळ उभी राहून हे लिहीत आहे, येथून ते दिसत आहेत. बाकावर बसले आहेत, कोणाचा तरी कोट घातला आहे, आणि दाराकडे नाही, जिन्याकडे पाहत आहेत. चारला पाच मिनिटे कमी आहेत. हा कागद पेटीत टाकून निघते.