शेरिलच्या लग्नाची बोर्दो

१३ ऑक्टोबर २००७, रिचमंड हिल
नायगाराहून द्राक्षं आली. डिकी, मागची सीट, माझी मांडी, सगळीकडे खोकी. मर्लो, कॅबर्ने फ्रँक, कॅबर्ने सोव्हिन्याँ, तीन जाती. यंदा उन्हाळा कडक, दाणे साखरेसारखे. बेसमेंटमध्ये तिघींचे काचेचे बुधले वेगवेगळे. फ्रान्सला बोर्दोत असंच करतात, आधी वेगवेगळी आंबवायची, मग मिसळायची. आपल्या बॉटल मसाल्यात प्रत्येक मिरची वेगळी भाजतात, तसंच. मला कोणी शिकवायला नको.
हॅलिफॅक्सहून शेरिलचा फोन. "ममी, प्लीज, जस्ट बाय इट." होणारा नवरा लूक, त्याच्या वडिलांची बोर्दोत स्वतःची द्राक्षबाग, त्यांच्यापुढे घरची वाईन म्हणजे हिला लाज. असू दे. वसईला आमच्या घरात मुलीच्या लग्नाचा टोस्ट आईच्या हातच्या वाईनचाच. माझा झाला, हिचाही होणार.

२१ ऑक्टो.
घात! मी मिस्साला गेले आणि बस्त्यावने मर्लोत मूठभर गहू आणि दालचिनी टाकली. त्याची आई नाताळच्या वाईनमध्ये टाकायची म्हणून. वर मलाच विचारतो, वाईन अंगाने भरायला नको का? लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून या माणसाला एकटं सोडायची सोय नाही. गहू गाळून काढले. वास जात नाही. मर्लो नाही, केक झालाय.
बोलणं बंद.

४ नोव्हें.
लायब्ररीतून बोर्दोचं पुस्तक आणलं. नदीच्या डाव्या काठाला गोटे-वाळू, तिथे कॅबर्ने सोव्हिन्याँचं राज्य. उजव्या काठाला चिकणमाती, तिथे मर्लो. पुढे समुद्राकडे मोठी गढूळ खाडी. फोटो बघून वसईची आठवण आली.
व्याही कुठले? उजव्या काठचे. जन्मभर मर्लो पिणारे. आणि माझी मर्लोच...
ब.ला नकाशा दाखवला. काय करून ठेवलंय ते कळलं त्याला. बरं झालं.

२ मार्च २००८
मिसळायला बसले. कॅब. फ्रँकला वास छान, पण अंगाने पाप्याचं पितर. कॅब. सोव्हिन्याँ करकरीत, जीभ ओढून घेते. दोघींना सांभाळून घेणारी हवी मर्लो. शेवटी नाक मुरडून बस्त्यावच्या बुधल्यातला एक चमचा घातला. मग आणखी एक. मग वाटीच घेतली.
ग्लास ब.ला दिला, काही न सांगता. तो घोट घेऊन नुसता हसायला लागला. मीही. बोलणं कधीच सुरू झालं होतं, पण खरं आज झालं.
बाटल्या भरल्या. आता झोपू देत. शेरिलला चव दिली नाही, भीती वाटते.

१९ सप्टें. २००९
लग्न झालं. पोर गोड दिसत होती, माझी साडी नेसली होती.
टोस्ट. व्याह्यांनी ग्लास उचलला, हुंगला, थांबले. शेरिल माझ्याकडे बघायची बंद झाली. ब.ने टेबलाखाली माझा हात धरला. ते प्याले. ग्लास पुन्हा पुढे केला. मग लूकला काहीतरी सांगितलं, लूकने आम्हाला: "डॅड सेज मर्लो इज द हार्ट ऑफ इट. अँड द स्पाइस, ही सेज, यू हॅव व्हेरी गुड बॅरल्स."
शेरिल रडली. मला मिठी मारून म्हणाली, "आय वॉज सो स्टुपिड." मी म्हटलं, नाच आता.
जिंकले मी. लिहितेच इथे, बाहेर कुठे बोलायचं? बोर्दोचा माणूस माझी बोर्दो मागून प्यायला.

४ ऑक्टो. २००९
लूकचा फोन. व्याही दोन बाटल्या घेऊन गेले, गावात सगळ्यांना घोटघोट पाजल्या. आता वसंतात येणार म्हणतात, आमची पिंपं बघायला. त्यांना वाटतं मसाल्याचा वास ओकच्या पिंपांचा, तो ओक कुठल्या जंगलातला, हे त्यांना हवंय.
पिंपं! बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन आहे आणि गव्हाचा डबा. ब.ला म्हटलं, खरं सांगू या का? तो म्हणाला, "अगं, बघू."

१७ ऑक्टो.
यंदाची मर्लो बुधल्यात भरली. ब. केव्हाचा जिन्यात उभा आहे, मूठ मिटून. मी न पाहिल्यासारखं करून कॅब. फ्रँक ढवळतेय.